दुसऱ्या सर्व्हरवरचा ऑगस्ट

३ मार्च, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून परवाना कार्यालयाचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. बावीस तारखेला, शनिवारी, तपासनीस येणार आणि आमच्या सर्व्हरची आपत्ती चाचणी स्वतः उभं राहून घेणार. रक्तपेढीचा सगळा कारभार ज्या मुख्य सर्व्हरवर चालतो तो बंद करायला लावणार, आणि रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीतल्या दुसऱ्या सर्व्हरनं वीस मिनिटांत ते काम उचलायचं. दोन्ही यंत्रं जोडीनं चालतात, क्लस्टर म्हणतात त्याला. एकावर लिहिलेलं लगेच दुसऱ्यावर उतरतं, एक पडलं तर दुसरं उभं राहतं. रक्ताच्या एकाही पिशवीची नोंद हरवता कामा नये. हरवली तर परवाना अडकेल.

"एवढं काय त्यात? दरवर्षी करतोच की आपण," साहेब म्हणाले. बोलता बोलता पेनाचं टोपण कानात घालून फिरवत होते. मग तेच पेन मला सहीसाठी पुढे केलं. मी पर्समधून माझं काढलं.

दरवर्षी करतो म्हणे. गेल्या वर्षीची चाचणी कागदावर झाली. साहेब म्हणाले, इमारतीचं काम चालू आहे, यंत्रं बंद करायला नकोत, तुम्ही अहवाल लिहून टाका. मी लिहिला. 'सतरा मिनिटांत काम पूर्ववत.' पंधरा लिहिलं असतं तर बनावट वाटलं असतं, म्हणून सतरा. खाली माझी सही. सांगितलेलं काम केलं, एवढंच.

दुपारी सर्व्हरच्या खोलीत गेले आणि शिसारी आली. एसीखाली पाणी गळतं म्हणून बादली ठेवलेली, तिच्या तळाशी हिरवा बुळबुळीत थर. कीबोर्डच्या फटीत अन्नाचे कण. आणि त्या सगळ्यात आमचा तंत्रज्ञ मांडीवर डबा उघडून जेवत बसलेला. पंचावन्न वर्षांचा माणूस, रोज दुपारी एक ते दोन तिथंच बसतो. बाहेर चांगली जेवायची खोली आहे, पण नाही. मी त्याला मनातल्या मनात मौनीबाबा म्हणते, कारण दिवसभरात त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर पाचवा उद्यावर ढकलतो.

"इथं खाऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

त्यानं डबा बंद केला. पण उठला नाही. स्क्रीनकडे बघत राहिला. निगरगट्ट.

४ मार्च, मंगळवार

सकाळी बाबांचं आवरलं. त्याबद्दल लिहीत नाही. हात तीनदा धुतले तरी ऑफिसात पोचेपर्यंत वास येतोय असं वाटत राहतं.

संध्याकाळी दादाचा फोन. तो दुसऱ्या शहरात, ट्रेननं पाच तासांवर.

"अगं, एखादी बाई ठेव ना दिवसाची."

"दोन ठेवून झाल्या. एकीच्या नखांत मळ होता. दुसरी टीव्हीकडे बघत भरवायची, निम्मं बाबांच्या गळ्यावर."

"तुला कोणी पसंतच पडत नाही."

"जमतंय माझं."

"मी येऊ का शनिवार-रविवार?"

"येऊन काय करणार? पाहुण्यासारखा बसशील आणि चहा मागशील."

त्यानं हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. बोलणं सोपं असतं लांबून.

६ मार्च, गुरुवार

रागानं लिहिते आहे, अक्षर बघवत नाही.

चाचणीच्या तयारीचं पहिलं काम म्हणून आज जुन्या इमारतीत गेले आणि दुसरा सर्व्हर उघडून पाहिला. दिवे सगळे हिरवे. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवरही गेले कित्येक महिने सगळं हिरवंच दिसतंय. सहज शेवटची नोंद काढली. नऊ ऑगस्ट.

सात महिने त्या यंत्रावर एक अक्षर उतरलेलं नाही! डिस्क भरली, म्हणून त्यानं नवं घेणं थांबवलं. थांबल्याबरोबर अलार्म वाजायला हवा होता, माझ्या मोबाइलवर दर पाच मिनिटांनी संदेश यायला हवा होता. कुणीतरी अलार्मच बंद करून ठेवलाय. अलार्म बंद, म्हणून स्क्रीन हिरवी. आणि रोजच्या बॅकअप टेपा या दुसऱ्या सर्व्हरवरूनच निघतात, म्हणजे टेपांवरही रोज तोच ऑगस्ट भरलाय. कपाटभर ऑगस्ट. मुख्य सर्व्हर या सात महिन्यांत कधीही पडला असता तर आमच्या हातात काहीच नव्हतं.

मौनीबाबाला बोलावलं.

"अलार्म कोणी बंद केला?"

तो भिंतीकडे बघायला लागला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

"आणि गप्प बसलात?"

त्याच्या चेहऱ्यावर ना लाज ना भीती. अलार्मच्या कटकटीला कंटाळून ह्यानंच गळा दाबला असणार त्याचा. कोणी बंद केलं हे लॉगमध्ये सापडतं, पण ते उघडायची गरज वाटली नाही. खोलीत दुसरं असतं कोण? नऊ ऑगस्ट ही तारीख मला वेगळ्या कारणानं पाठ आहे. बाबांना अर्धांगाचा झटका आला तो दिवस. मी दिवसभर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होते. मी इथं नाही हे बघूनच त्याचं फावलं.

जुन्या फायली हलवून डिस्कवर जागा केली आणि मुख्य सर्व्हरवरून सगळं पुन्हा उतरवायला सुरुवात केली. दोन इमारतींमधली केबल जुनाट. दोन आठवडे लागतील. बावीसला कसंबसं जमेल.

१० मार्च, सोमवार

साहेबांकडे लेखी तक्रार दिली. वाचून त्यांचा चेहरा आंबला. "वाच्यता नको," एवढंच दोनदा म्हणाले. सात महिने रक्तपेढी वाऱ्यावर होती याचं त्यांना काही नाही, बाहेर कळेल याची धास्ती.

मौनीबाबाला माझ्यासमोर बोलावलं. तो माझी तक्रार हातात धरून सावकाश वाचत होता, बोटानं एकेक ओळ.

"यावर काही सांगायचंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे कबूल?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. "दुपारचा तास तेवढा खोलीत बसू द्या," म्हणाला.

हसावं की रडावं! नोकरीवर गदा येतेय आणि ह्याला थंड खोलीत डबा खायचाय. मी तिथल्या तिथं खोलीची किल्ली मागून घेतली. त्यानं जुडग्यातून ती सोडवायला बराच वेळ लावला. टेबलावर ठेवली आणि गेला.

बादली मी स्वतः घासली. ओकारी येत होती तरी घासली. इथं दुसरं कोणी करत नाही.

११ मार्च, मंगळवार

कार्यपद्धती लिहिते आहे. म्हणजे मुख्य सर्व्हर गेला तर दुसरा कसा उभा करायचा, पायरीपायरीनं. आजवर हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि डोक्यातच सुरक्षित होतं. चाळीस पानं झाली. साहेबांनी चाळली आणि म्हणाले, "हे तुमच्याशिवाय कोणाला कळणार?"

मला ती स्तुती वाटली. आता लिहिताना शंका येते.

१२ मार्च, बुधवार

तपासनीसांचं दुसरं पत्र. त्यात अट: 'चाचणीच्या वेळी विभागप्रमुख अनुपलब्ध आहेत असे मानले जाईल. लेखी कार्यपद्धतीच्या आधारे अन्य कर्मचारी काम करेल.'

अन्य कर्मचारी! माझ्या विभागात आम्ही दोघंच. तिसरी खुर्ची दीड वर्ष रिकामी आहे. मी तीन उमेदवार पाहिले होते, तिघंही टाकाऊ निघाले. आता ज्या माणसाविरुद्ध तक्रार केली त्याच्याच हातात सगळं द्यायचं.

घरी येऊन बाबांना सूप भरवताना हात जोरात लागला. त्यांच्या ओठातून थेंब आला रक्ताचा. मी तो टिपला आणि पुढचा चमचा भरला.

१४ मार्च, शुक्रवार

तालीम घेतली. यंत्राला हात न लावता, नुसती कागदावर, कारण नोंदी अजून उतरतायत. मौनीबाबा समोर बसला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"'नेहमीप्रमाणे लॉगिन करा.' कुणाच्या नावानं?"

"माझ्या. दुसऱ्या कुणाला ते अधिकार आहेत का?"

"तुम्ही नसणार ना."

पान तीन: "'योग्य ती फाइल निवडा.' योग्य कुठली?"

"ते दिसतंच हो बघितल्यावर. अक्कल वापरायची थोडी."

त्यानं समासात पेन्सिलीनं फुली मारली. चाळीस पानांत एकतीस फुल्या. कान तापले माझे. तीस वर्षं स्क्रू पिळणारा माणूस मला माझं काम शिकवतोय. दोन-तीन फुल्या बरोबर होत्या. बऱ्याच बरोबर होत्या. त्या बरोबर होत्या म्हणून जास्त चीड आली.

जाताना दारात थांबला. "मॅडम, किल्ली..."

"नाही."

१७ मार्च, सोमवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी अकरा चाळीसला मुख्य सर्व्हर पडला. चाचणी नाही, खरोखर. आधी कटकट आवाज, मग काहीच नाही. डिस्क जळाली. एकदम सगळ्या खोल्यांतून आरडाओरडा सुरू झाला. दुसऱ्या सर्व्हरवर तोवर नोंदी सत्तर टक्केच उतरल्या होत्या, त्याही अर्धवट, एकमेकींत न जुळणाऱ्या. टेपांवर ऑगस्ट.

मी खुर्चीत बसून राहिले.

बाराला पाच कमी असताना हॉस्पिटलमधून फोन आला. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, सहा पिशव्या हव्यात. शीतकपाटात त्या गटाच्या पिशव्या भरपूर होत्या. पिशवीवर गट छापलेला असतो, पण तिच्या चाचण्या निर्दोष आल्या की नाही ते आमच्याकडे सर्व्हरवरच असतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "नोंद दाखवा, पिशवी देते. नोंदीशिवाय मी एक थेंब देणार नाही," म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "नोंदी नाहीत."

तेवढ्यात मौनीबाबा आला. त्याच्या हातात जोड्याच्या खोक्यात ठेवलेल्या तीन छोट्या हार्ड डिस्क होत्या, प्रत्येकीवर कागद चिकटवून तारखा लिहिलेल्या. "नऊ ऑगस्टनंतरचं सगळं आहे. ह्या महिन्याच्या आठ तारखेपर्यंत," म्हणाला. "दुसऱ्यावर चढवायला तास लागेल."

"हे कुठून आलं?"

"रोज काढत होतो. दुपारी."

एक तास दहा मिनिटं लागली. मी आज्ञा देत होते, तो टंकत होता. मग तो टंकत होता आणि मी नुसती उभी होते. एक वाजून सतरा मिनिटांनी पहिली पिशवी बाहेर गेली. चार गेल्या. उरलेल्या दोन आठ तारखेनंतर घेतलेल्या, त्यांच्या नोंदी त्या डिस्कवर नव्हत्या. त्या दोन दुसऱ्या रक्तपेढीतून मागवाव्या लागल्या, अजून पाऊण तास. त्या बाईचं पुढे काय झालं माहीत नाही. आम्हाला कोणी कळवत नाही.

दहा तारखेला मी त्याची किल्ली काढून घेतली. आठ तारखेला शनिवार होता. हे गणित सगळ्यांसमोर झालं, कोणी मोठ्यानं बोललं नाही.

गर्दी पांगल्यावर मी त्याला विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगितलं, मॅडम."

"कधी?"

"ऑगस्टात, तुम्ही कामावर परत आलात तेव्हा. म्हणालात, आत्ता नको, डोकं ठिकाणावर नाही. मग अजून महिनाभर थांबलो. परत आलो तर म्हणालात, तुम्हाला काय कळतं त्यातलं." इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "अलार्म चालू करायचे अधिकार मला नाहीत. प्रत काढायचे तेवढे आहेत. म्हटलं, ते तरी करू."

"अलार्म बंद कोणी केला?"

तो पुन्हा भिंतीकडे बघायला लागला. या वेळी मी लॉग उघडला. नऊ ऑगस्ट, दुपारी दोन वाजून अकरा मिनिटं, मोबाइलवरून. माझं नाव, माझा पासवर्ड.

मला आठवत नाही. व्हरांडा आठवतो, बाबांची एक चप्पल माझ्या हातात होती ते आठवतं, फोन सारखा थरथरत होता तेही आठवतं. डॉक्टर बोलत होते आणि तो थांबतच नव्हता.

त्याला हे सात महिने माहीत होतं. माझी तक्रार बोटानं वाचताना माहीत होतं.

ऑफिसातून निघताच येईना, म्हणून पाचला शेजारच्या काकूंना फोन केला होता. आयुष्यात पहिल्यांदा. आठला घरी पोचले, दार उघडताना नाक आवळूनच घेतलं होतं. बाबा स्वच्छ, कपडे बदललेले, काकांबरोबर पत्ते खेळत होते, डाव्या हातानं. चक्क हसत होते.

"काकू हलक्या हातानं पुसतात," बाबा म्हणाले. शब्द घरंगळत येतात त्यांचे, पण हे स्पष्ट आलं.

मी आत जाऊन नळ सोडला आणि हात धुवत राहिले. कशानंच माखले नव्हते.

१८ मार्च, मंगळवार

नऊ ते सतरा तारखेच्या नोंदी कागदी रजिस्टरांवरून परत भरतोय. सगळे बसलेत, प्रमुख बाईसुद्धा. मुख्य सर्व्हरला नवी डिस्क बसवली. दुसऱ्यावर आता सगळं उतरतंय, अलार्म चालू आहे. मी स्वतः वाजवून पाहिला. कर्कश आहे.

साहेबांकडून तक्रार परत मागितली. त्यांनी ड्रॉवरमधून काढली आणि म्हणाले, "फाडून टाका. झालं गेलं. आणि शनिवारी तपासनीसांसमोर सोमवारचा विषय नको. तांत्रिक देखभाल चालू होती म्हणायचं."

मी फाडली नाही. मागच्या बाजूला लिहिलं: 'अलार्म मी बंद केला होता. तंत्रज्ञाचा दोष नाही.' तारीख, सही. परत त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती दोन बोटांनी उचलली, घरी बादलीत टाकायच्या वस्तू मी उचलते तशी.

आतापर्यंत या वहीत मी कोणाकोणाला काय काय म्हटलं ते वाचून काढलं. किळस आली. पानं फाडावीशी वाटली. ठेवलीत.

२० मार्च, गुरुवार

मौनीबाबाला किल्ली दिली. माझ्यापुरते जे अधिकार होते तेही त्याच्या नावानं चालू केले. माफी मागायची म्हणून वाक्य तयार करून गेले होते. "मी तुमच्याशी फार..." एवढंच म्हटलं.

तो म्हणाला, "पान सोळा अजून नीट लागत नाही. बसता का?"

बसले. तीन तास. 'योग्य ती फाइल' सगळीकडून खोडली. त्याच्या डब्यातलं एक फळ त्यानं कापून पुढे केलं. त्याच खोलीत, त्याच कीबोर्डशेजारी. खाल्लं.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो नेहमीसारखं, "कसं चाललंय?" म्हणाला.

"जमत नाहीये," मी म्हणाले. "ये."

तो म्हणाला, "शनिवारी रात्रीपर्यंत पोचतो."

२२ मार्च, शनिवार

तपासनीस बाई उंच, करड्या केसांच्या, पायांत मऊ तळव्यांचे बूट, त्यामुळे येताना ऐकूच आल्या नाहीत. चहा नको म्हणाल्या, स्वतःची बाटली काढली. बरोबर दहाला लिफाफा फोडून वाचलं: "मुख्य सर्व्हर गेला. प्रमुख उपलब्ध नाहीत." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर."

दाराच्या काचेतून दिसत होतं. त्याची पाठ, त्याचं पानावरून सरकणारं बोट. मी व्हरांड्यातल्या बाकावर हात मांड्यांखाली दाबून बसले. साहेब येरझाऱ्या घालत होते. दहा वाजून सोळा मिनिटांनी तो थांबला. पान मागं उलटलं, पुढं उलटलं. माझ्या तोंडाशी उत्तर होतं. काचेवर टकटक करायला उठले आणि पुन्हा बसले.

सत्तावीस मिनिटं लागली. नोंद एकही हरवली नाही. पण मर्यादा वीसची.

"सात मिनिटं कुठं गेली?" बाईंनी त्याला विचारलं.

"पान सोळा. दोन ओळी उलट्या आहेत."

"कोणी लिहिल्यात?"

तो भिंतीकडे बघायला लागला. मी दारातून म्हणाले, "मी."

साहेब लगेच बाईंकडे बघून हसले. "मॅडम, गेल्या वर्षी तर सतरा मिनिटांत झालं होतं. नोंद आहे आमच्याकडे."

त्यांनी अहवालाची फाइल बाईंपुढे केली. बाईंनी माझी सही पाहिली, मग मला पाहिलं. मला गप्प बसता आलं असतं. हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं उभं राहायचं होतं.

"तो अहवाल खोटा आहे," मी म्हणाले. "चाचणी झालीच नव्हती. आणि सोमवारी मुख्य सर्व्हर खरोखर पडला होता. सात महिने दुसऱ्यावर काही उतरत नव्हतं. अलार्म मी बंद केला होता."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "ह्यांच्या वडिलांचं आजारपण चालू आहे, ह्या थोड्या..." असं काहीतरी ते बोलायला लागले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "बसा. पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं. त्या लिहीत होत्या, मध्येच थांबवून तारखा विचारत होत्या. पिशव्यांचा आकडा विचारला. "सहा मागितल्या, चार दिल्या," मी म्हणाले, आणि रडायला आलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली नाही की खांद्यावर हात ठेवला नाही. रडणं थांबेपर्यंत पेन उचलून धरलं, मग म्हणाल्या, "पुढे."

निकाल: परवाना तीन महिने तात्पुरता, मग पुन्हा चाचणी. माझी चौकशी होणार. तोवर विभाग मौनीबाबाकडे. साहेबांचीही चौकशी होईल, असं दिसतं. ते माझ्याशी बोलत नाहीत. नवीन प्रमुखांनी मला पहिलं काम दिलं: पान सोळा.

दादा साडेसहाला पोचला.

२३ मार्च, रविवार

सकाळी दादाला म्हणाले, "चल, दाखवते."

चादर बाजूला केली आणि दादा तोंडावर हात दाबून न्हाणीघराकडे पळाला. ओकताना आवाज आला. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या पापण्या हलत होत्या.

तो ओला चेहरा घेऊन परत आला, ओशाळलेला. "सॉरी. बाबा, सॉरी."

"तोंडानं श्वास घे," मी म्हणाले. "पहिला महिना मीही रोज ओकत होते."

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. या वहीलाही नाही. बाबांनी डोळे उघडले.

"माहितेय," ते म्हणाले. "ऐकू यायचं."

मला वाटलं होतं मी नळ मोठा सोडते म्हणून ऐकू जात नाही. तो महिनाभर ते अंथरुणात पडून ऐकत होते, आणि तेव्हापासून सकाळी मी आले की मान पलीकडे वळवून घ्यायचे. मला वाटायचं रागावलेत.

"बाबा, तुमची नाही हो किळस..." मी सुरुवात केली, आणि ते खोटं आहे हे कळून थांबले.

"मला पण येते," बाबा म्हणाले. "माझीच." आणि ओठाचा चांगला कोपरा वर गेला. "कोमट पाणी आण म्हणावं त्याला."

दादानं बाही दुमडली. मी पाणी, कापड, पावडर कुठं असतं ते सांगितलं. पाठ कशी वळवायची, कोपराखाली उशी कशी घालायची ते एकदा दाखवलं. मग दादा म्हणाला, "तू जा. पडून राहा जरा."

आतल्या खोलीत येऊन पडले आहे, पडल्या पडल्या लिहिते आहे. सकाळचे दहा वाजलेत. भिंतीपलीकडून ऐकू येतंय. पाणी सांडलं. बाबा ओरडले, "गार आहे!" दादा म्हणाला, "मग सांगायचं ना आधी!" बाबांनी काहीतरी शिवी दिली, ती मला नीट कळली नाही, पण दादा हसला. त्यानं उजवा पाय आधी उचलला असणार. तो आधी उचलला की बाबांची कंबर अवघडते, डावा आधी घ्यायला हवा.

उठले नाही.